पॉपचा फोन आणि बिनपायऱ्यांचं दार

"सरका, आता माझी पाळी," असं म्हणत नॅनने, म्हणजे आजीने, पिठाचे हात एप्रनला पुसले आणि चष्मा नाकावर चढवला.

मंगळवार होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मधोमध एक काळा फोन पडला होता. लॉनी काकाने तो दूरच्या आल्बर्टाहून लोकरी मोज्यांच्या दोन जोड्यांत गुंडाळून आपल्या वडिलांना, म्हणजे पोरांच्या पॉप आजोबांना, पाठवला होता. फोनमध्ये खोट काढण्यासारखं काही नव्हतं. पंचाईत एकच होती. तो 'प्रेअरी' कंपनीचा होता आणि प्रेअरीचं नाव त्यांच्या गली बेटावर फक्त काकाने पाठवलेल्या कॅलेंडरवर दिसायचं. इथे खाडीपलीकडच्या टेकडीवर 'बे मोबाइल'चा एकुलता एक टॉवर होता. म्हणून पॉपने दुकानातून बे मोबाइलचं सिमकार्ड आणलं, नातू लिअँडरने ते फोनमध्ये बसवलं, आणि फोनच्या पडद्यावर पाटी झळकली : 'हे कार्ड चालणार नाही. कुलपाचा आठ आकडी क्रमांक टाका. उरलेल्या संधी : १०.'

आता हाइन्स कुटुंबाची रीत अशी, की प्रश्न कुणाचाही असो, स्वयंपाकघरात जो हजर असेल तो उत्तर द्यायला बसतो. पॉपने बोटीचा नोंदणी क्रमांक टाकला. तो चालला नाही, म्हणून स्वतःची जन्मतारीख टाकली. तेरा वर्षांचा लिअँडर, ज्याला जगातलं सगळं ठाऊक असतं, त्याने 'शंभर टक्के हाच' म्हणून एक ते आठ टाकले, मग आठ ते एक. नऊ वर्षांच्या गसने आठ शून्यं टाकली आणि लगेच आठ सत्ते. यीस्ट मागायला आलेल्या शेजारच्या एफी काकूने तर स्वतःच्या लग्नाची तारीख टाकली.

"काकू, फोन पॉपचा आहे," पॉपची नात ट्रिफी म्हणाली.

"असू दे गं, तारीख शुभ आहे," एफी काकू म्हणाली. मग तिला आठवलं, की लग्न तेराला नव्हतं, चौदाला होतं. तीही तारीख टाकून झाली.

नॅनने आपल्या आवडत्या भजनांचे क्रमांक एकापुढे एक लावले. फोनने भजनांनाही दाद दिली नाही.

पॉप पुन्हा हात पुढे करणार एवढ्यात ट्रिफीने फोन उचलून पाठीमागे धरला. "थांबा! एकच संधी उरलीय. ती गेली की फोन कायमचा बंद."

किटलीचं झाकण तेवढं वाजत होतं. सगळ्यांच्या मनात एकच नाव आलं होतं, मरीना आत्याचं.

मरीना आत्या म्हणजे पॉपची थोरली लेक, सेंट जॉन्स शहरात परिचारिका. रविवारी भिंतीवरच्या जुन्या फोनवरून तिने वडिलांना बजावलं होतं : "बाबा, तुमचं वय चौऱ्याहत्तर आहे. तुम्ही एकटे बोट घेऊन धुक्यात जाता आणि मी इथे जिवाला घोर लावून बसते. शनिवारपासून घरी खाण्यापुरते मासे धरायची परवानगी मिळेल ना? मी शनिवारी येणार आहे. तोवर खिशात चालणारा फोन असेल तर जा बोटीवर. नसेल तर बोट विकायची आणि माझ्याकडे राहायला यायचं. तुम्ही शब्द द्या."

पॉपने शब्द दिला होता. आणि दिलेला शब्द मोडणं पॉपच्या रक्तातच नव्हतं, हीच तर खरी अडचण होती. त्या बोटीच्या सुकाणूला त्याने सख्ख्या मुलालाही कधी हात लावू दिला नव्हता. बोटीशिवायचा पॉप कसा दिसेल, हे ट्रिफीला डोळ्यांसमोर आणताच येईना.

"माझंच चुकलं," लिअँडर खाली मान घालून म्हणाला.

"तुझे दोन गेले, माझेही दोन गेले," गस म्हणाला. "एफी काकूचेही दोन. तिचं तर लग्नसुद्धा चुकलं."

*

बुधवारी दुपारी घराच्या पुढच्या दारावर टकटक झाली.

नॅनच्या हातातलं लाटणं थांबलं. पॉप दिवाणावरून उठून बसला. "कोण मेलं?" त्याने विचारलं.

विचारणारच. गली बेटावर कुणी दार वाजवत नाही. मागच्या दाराने यायचं, बूट काढायचे, किटलीला हात लावून गरम आहे का बघायचं आणि बसायचं. पुढचं दार घराला शोभेपुरतं असतं. पॉपच्या घराच्या पुढच्या दाराला तर पायऱ्याच नव्हत्या. घर बांधलं तेव्हा 'पुढच्या वर्षी बांधू' म्हणून राहिल्या, त्याला एकेचाळीस वर्षं झाली. दार जमिनीपासून छातीइतकं उंच होतं.

तिघं पोरं घराला वळसा घालून धावली. दाराखाली नवाकोरा निळा कोट घातलेला एक माणूस दारावर टकटक करत होता. अंगणातली बादली पालथी घालून तो तिच्यावर उभा होता. बादली गसची होती. तिच्यात तो कॉड माशांच्या खायच्या जिभा काढून ठेवायचा, म्हणून गस जरा नाराज झाला.

"नमस्कार, मी डॅरिल पार्डी," माणूस हसत म्हणाला. "फोनची कुलपं उघडतो. कुठलाही फोन घ्या, तो कुठल्याही कंपनीवर चालेल. फक्त तीस डॉलर."

त्याला मागच्या दाराने आत आणलं. पॉपने पाहुण्याला विचारायचा पहिला आणि शेवटचा प्रश्न विचारला, "तू कुणाचा रे?"

"ग्रेट पिंच गावच्या गार्लंड पार्डीचा धाकटा."

"गार्लंडचा!" पॉपचा चेहरा उजळला. "नॅन, गार्लंडचा पोरगा आहे. गार्लंडला पोरं तरी किती, मोजता यायची नाहीत. बस बाबा, बस."

झालं. पार्डीसमोर चहा आला, घरचा पाव आला, लाल बोरांचा मुरंबा आला. बेटावर ज्याने तुमच्या घरचा पाव खाल्ला, त्याच्यावर शंका घेणं म्हणजे नॅनच्या पावावर शंका घेण्यासारखं आहे. आणि तेवढी हिंमत अख्ख्या खाडीत कुणात नव्हती.

पार्डीने पॉपचा फोन घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला, "हं, हं," म्हणाला. खिशातून कातडी पाकीट काढलं, त्यातलं एक केशरी कार्ड फोनमध्ये सरकवलं आणि फोन वायरने आपल्या एका छोट्या पेटीला जोडला. पेटीतले दिवे लुकलुकले. त्याने फोन चालू केला. आठ आकडे मागणारी पाटी आली नाही! फोन निमूट उघडला.

"उघडलं कुलूप," पार्डी म्हणाला. "माझं हे तपासणीचं कार्ड मी काढून घेतो. आता नीट ऐका. शनिवारी दुपारपर्यंत तुमचं कार्ड यात घालायचं नाही. टॉवरला बातमी पोचायला तेवढे दिवस लागतात. आधी घातलंत तर शेवटची संधी गेलीच म्हणून समजा."

"शनिवारी तर पॉपला पहाटे निघायचंय," ट्रिफी म्हणाली.

"दुपारी निघा. मासे कुठे पळून जातायत?"

पॉपने खळखळून हसून तीस डॉलर दिले आणि फोन साखरेच्या डब्यामागे ठेवून दिला. ट्रिफीला मात्र हसू आलं नाही. मासे पळून जात नाहीत, असं म्हणणारा माणूस कोळ्याचा मुलगा कसा असेल?

पाहुणा गेल्यावर ती म्हणाली, "पॉप, ग्रेट पिंचला लोक दार वाजवतात?"

"छे गं."

"मग पायऱ्या नसलेलं दार त्याने का वाजवलं?"

"शहरात राहून विसरला असेल. घरी चहा प्यायलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, ट्रिफी."

*

गुरुवारी पार्डीने चर्चच्या हॉलमध्ये दुकान थाटलं. बेटावरचा निम्मा तरुण वर्ग आल्बर्टात नाहीतर टोरंटोत कामाला. प्रत्येकाने आईबापांना आपला जुना फोन पाठवलेला, आणि प्रत्येक फोन कुठल्या ना कुठल्या परक्या कंपनीला बांधलेला. हॉलबाहेर रांग लागली. पोरांनी खिडकीखाली गसची बादली ठेवली आणि आळीपाळीने वर चढून पाहिलं.

पाचवा फोन झाल्यावर ट्रिफी खाली उतरली. "तो प्रत्येक फोन आधी उलटा करतो," ती हळूच म्हणाली.

"कॅमेरा बघत असेल," लिअँडर म्हणाला.

"पाठीवर कंपनीचं नाव छापलेलं असतं, ते वाचतो. मग पाकिटातून कार्ड काढतो. पॉपच्या वेळी केशरी काढलं. आत्ता हिरवं, मग निळं, पुन्हा हिरवं. तपासणीचं कार्ड एकच हवं ना? त्याच्याकडे तीन रंगांची का?"

लिअँडरचे कान लाल झाले. "प्रेअरीचं कार्ड केशरी असतं," तो म्हणाला. "लेकलाइनचं हिरवं. ट्रिफी, प्रेअरीच्या फोनमध्ये प्रेअरीचंच कार्ड घातलं तर तो आकडा मागेलच कशाला? आपल्या घरचाच माणूस आलाय म्हणून दार उघडतो तो."

"म्हणजे कुलूप उघडलेलंच नाही," गस म्हणाला.

"आणि शनिवारी दुपारी कळेल तेव्हा हा शुक्रवारच्या चारच्या बोटीने पसार झालेला असेल," ट्रिफी म्हणाली. पार्डीने लोकांना फसवलं ते फसवलंच, पण शनिवारी सकाळी मरीना आत्या दारात उभी राहील आणि पॉपच्या खिशात मुका फोन असेल. पॉप दिलेल्या शब्दाप्रमाणे मुकाट्याने बोटीची चावी तिच्या हातात ठेवेल.

मोठ्यांना सांगून बघितलं. पॉप म्हणाला, "गार्लंडचा पोरगा आहे." नॅन म्हणाली, "चार तुकडे पाव खाल्ला बिचाऱ्याने." एफी काकू म्हणाली, "मी उद्या चर्चच्या जत्रेत माझा फोन देणार आहे त्याला." या शेवटच्या वाक्याने ट्रिफीचे डोळे चमकले.

एफी काकूचा फोन तिच्या मुलाने टोरंटोहून पाठवलेला, लेकलाइन कंपनीचा. आणि तो पॉपच्या फोनचा जुळा भाऊ होता. तोच आकार, तेच मॉडेल, तोच काळा रंग. वेगळं होतं ते फक्त पाठीवरचं नाव.

"गस," ट्रिफी म्हणाली, "तुझी जिभा काढायची सुरी आण. धुऊन आण."

नॅन कपडे वाळत घालायला बाहेर गेली तेव्हा साखरेच्या डब्यामागचा फोन खाली आला. गसने सुरीचं टोक फटीत घालून मनगट असं काही वळवलं, की पाठीचं झाकण टक् करून निघालं. कॉडच्या जबड्यातून जीभ सोडवणाऱ्याला हे काय अवघड!

ट्रिफीने आणखी एक काम केलं. भिंतीवरच्या फोनवरून तिने आल्बर्टातल्या लॉनी काकाच्या कामावरच्या कचेरीला फोन लावला. काका वाळूतून तेल काढायच्या खाणीवर होता आणि शिफ्टमध्ये त्याच्याशी बोलता येत नसे. तिथल्या बाईने निरोप लिहून घेतला. ट्रिफीने तो दोनदा वाचून दाखवायला लावला : 'फोनचं कुलूप उघडायचा आकडा तुझ्या फोन कंपनीकडे आहे का? पॉपने त्यासाठी एकाला तीस डॉलर दिलेत. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत कळव. पॉपच्या बोटीचा प्रश्न आहे.'

"हे आपल्याला मंगळवारी का नाही सुचलं?" लिअँडरने विचारलं.

"कारण मंगळवारी सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं," ट्रिफी म्हणाली.

*

शुक्रवारी चर्चची जत्रा भरली. लांब टेबलांवर थंड मांसाचे काप, तीन रंगांची बटाट्याची कोशिंबीर आणि बोरं भरून भाजलेले गोड 'पाय' मांडले होते. पार्डी एका कोपऱ्यात दुकान आवरत होता. बोट चारला सुटणार होती आणि साडेतीन वाजले होते.

"काका, एक शेवटचा," ट्रिफी त्याच्यासमोर फोन धरून म्हणाली. "एफी काकूचा आहे. तिने माझ्याकडे दिलाय."

"आण लवकर." त्याने सवयीने फोन उलटा केला. पाठीवर छापलं होतं 'प्रेअरी'. त्याने केशरी कार्ड काढलं, घातलं, पेटी जोडली, दिवे लुकलुकले. त्याने फोन चालू करून ऐटीत वर धरला. "हे बघा, उघडलं!"

पडद्यावर पाटी होती : 'हे कार्ड चालणार नाही. कुलपाचा आठ आकडी क्रमांक टाका.'

पार्डीने फोन हलवला. बंद केला, चालू केला. पाटी हटेना. "बिघडलेला दिसतोय," तो पुटपुटला.

"बिघडलेला नाही, लेकलाइनचा आहे," ट्रिफी म्हणाली. तिचा आवाज खणखणीत निघाला. हळूहळू आजूबाजूचे काटे-चमचे थांबले. "पाठ तेवढी पॉपच्या फोनची आहे. आता त्यात तुमचं हिरवं कार्ड घाला. पाटी येणार नाही. पेटी लावायचीही गरज नाही."

"मी का घालू?" पार्डीने पाकीट खिशात कोंबलं.

"घाल की रे, गार्लंडच्या पोरा," पॉप मागून म्हणाला. त्याचा आवाज शांत होता. तो शांत बोलला की बोटीवरचे लोक दोराला घट्ट धरत.

पार्डीने हिरवं कार्ड घातलं. फोन निमूट उघडला. लिअँडरने मग खुर्चीवर चढून सगळी गोम समजावून सांगितली. ती त्याने गरजेपेक्षा तिप्पट लांब सांगितली, पण बेटाने प्रथमच त्याचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

पार्डी पेटी काखोटीला मारून धक्क्याकडे पळाला. कुणी त्याच्यामागे धावलं नाही. बोटीचा कप्तान म्हणजे एफी काकूचा भाचा, तो टेबलाशीच बसला होता आणि त्याने आत्ताच 'पाय'चा दुसरा तुकडा वाढून घेतला होता.

"सावकाश खा रे बाळा," एफी काकू म्हणाली. "आणखी एक घे."

वीस मिनिटांनी पार्डी स्वतःच परत आला. खाडीचं पाणी फार थंड असतं आणि दुसरी बोट उद्या होती. त्याने प्रत्येकाचे तीस-तीस डॉलर टेबलावर ठेवले. नॅनने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तू पार्डी नाहीस ना?"

"नाही," तो म्हणाला. "फोनच्या यादीत ग्रेट पिंचला पार्डीच जास्त होते."

"तरीच दार वाजवलंस." नॅनने एक ताट भरलं आणि त्याच्या हातात दिलं. "खा आणि जा. बेटावरून उपाशी कुणी गेलं असं व्हायला नको. पण माझा पाव मागू नकोस."

म्हणतात, त्या बोलण्याने त्याचे डोळे भरून आले. गसचं म्हणणं, मांसाबरोबरची मोहरीची चटणी तिखट होती.

*

पाचला सात मिनिटं कमी असताना भिंतीवरचा फोन वाजला.

"ट्रिफी?" लॉनी काका ओरडत होता. मागे यंत्रांची घरघर होती. "अगं, आकडा कंपनीच देते, आणि फुकट! खातं माझ्या नावावर, म्हणून मलाच विचारावा लागला. पाऊण तास फोनवर थांबवून गाणी ऐकवली त्यांनी. लिही. आणि पॉपला सांग, एवढ्यासाठी कुणी तीस डॉलर देतं का?"

"ते परत आलेत, काका. आकडा सांगा."

आकडे भिंतीवरच्या फोनवरून येणार होते आणि काळा फोन टेबलावर होता. बे मोबाइलचं कार्ड आत गेलं. पाटी आली, 'उरलेल्या संधी : १'. पॉपची बोटं जाड, एकदम दोन बटणं दाबायची. नॅनला चष्मा सापडेना. लिअँडरने हात स्वतःहून खिशात घातले.

"मी नाही," तो म्हणाला. "मला सगळं ठाऊक असतं."

ट्रिफीने काळा फोन ओढून घेतला. लॉनी काका एक आकडा सांगे, ती तो मोठ्याने म्हणे, काका 'बरोबर' म्हणे, मगच बोट खाली येई. आठवा आकडा पडला. पडदा काळा झाला. एफी काकूने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मग कोपऱ्यात एक रेघ उभी राहिली. मग दुसरी. मग तिसरी, आणि त्यांच्या शेजारी दोन शब्द : 'बे मोबाइल'.

पॉपने फोन हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. "वाईट नाही," तो म्हणाला.

ट्रिफीला आनंदाने हसू आणि रडू एकदमच आलं. लग्नाच्या दिवशी नॅनला बघूनही पॉप एवढंच बोलला होता, असं नॅन नेहमी सांगे.

*

शनिवारी सकाळी धुकं होतं, पण पातळ. बोटीत पॉप आणि ट्रिफी होते. फोन पावाच्या पिशवीत गुंडाळून, वर रबराची रिंग लावून पॉपच्या आतल्या खिशात होता. मरीना आत्या पहिल्या बोटीने येऊन धक्क्यावर उभी होती. धुक्यात ती दिसत नव्हती, पण तिथेच असणार हे दोघांनाही ठाऊक होतं.

पहिला कॉड वर आल्यावर पॉपने पिशवीतून फोन काढला. "लावून दे तिला," तो म्हणाला.

ट्रिफीने लावून दिला. पॉपचा समज असा, की फोनवर जितकं लांब बोलायचं तितकं जोरात ओरडावं लागतं.

"मरीना!" सीगल उडाले. "ऐकू येतंय का? बोटीवरून बोलतोय!"

पलीकडून आत्याचा आवाज आला, जरा ओला. "येतंय, बाबा. तरंगणारं जॅकेट घातलंय का?"

"घातलंय."

"गळ्यापर्यंत चेन लावलीय?"

"लावतो."

"आणि चहाचा थर्मास?"

पॉपने फोन छातीशी दाबून धरला आणि ट्रिफीकडे पाहिलं. "हे आता रोज का?"

"रोजच, पॉप. तुम्ही शब्द दिलाय."

पॉपने उसासा सोडला. थर्मास पुढे दोरांच्या ढिगाखाली होता. एका हातात फोन होता, दुसऱ्या हाताने जॅकेटची चेन ओढायची होती आणि लाट आडवी येत होती.

"ट्रिफी," तो म्हणाला, "सुकाणू धर."

ती जागची हलली नाही. ऐकण्यात चूक झाली असेल असं तिला वाटलं.

"बहिरी झालीस का? धर. माझे हात रिकामे नाहीत."

तिने सुकाणू धरलं. लाकूड तिच्या हातापेक्षा जाड होतं आणि पॉपच्या हाताने ऊबदार झालेलं होतं. तिने बोटीचं तोंड लाटेकडे वळवलं, बोट एकदा वर गेली, सावकाश खाली आली आणि सरळ चालू लागली. पुढे पॉप लेकीला ओरडून सांगत होता, "चेन लागली गं बाई, लागली!" आणि फोन कधीच परत पिशवीत गेला, चहा पिऊन झाला, दुसरा कॉड वर आला, तरी त्याने सुकाणू परत मागितलं नाही.